तुमच्या नावाने तुमचं काय केलं? (अनुभव धागा)

मोगरा_१२:
परवा आईच्या मोबाईलवर फोन आला. आई आंघोळीला गेलेली म्हणून बाबांनी उचलला. पलीकडून कुणी बाई, "मंदा आहे का?" बाबा म्हणाले राँग नंबर आणि ठेवला. परत आला, परत राँग नंबर. तेवढ्यात आई केस पुसत बाहेर आली, कोण होतं हो म्हणून विचारलं, तर बाबा म्हणे कुणा मंदाला शोधतायत. आईने टॉवेल तसाच खुर्चीवर फेकला आणि फोन हातातून ओढूनच घेतला. "अहो मीच मंदा!"

लग्नात तिचं नाव बदललं, शुभांगी ठेवलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात तसं, आणि लिहिलं कुणी तर बाबांनीच. कारण काय तर मोठ्या जाऊबाईंचं नाव पण मंदा, घरात दोन मंदा नकोत. मला हे माहीत होतं तसं, पण मामा तिला ताई म्हणतात, आजी बाई म्हणायची, त्यामुळे ते नाव कानावर असं पडलंच नव्हतं कधी. फोन शाळेतल्या मैत्रिणीचा होता, दहावीच्या बॅचचा ग्रुप काढलाय म्हणे. आई अर्धा तास बोलली आणि काय बोलली! दोन शिव्या दिल्या, कुणाची तरी नक्कल केली, खिदळली. ही बाई आमच्या घरात कधी दिसलीच नाही आम्हाला. बाबा पेपरामागे गप्प.

मी स्वतः लग्नानंतर काहीच बदललं नाही. तर मुलाच्या शाळेत दर नव्या वर्गशिक्षिका एकदा तरी हळूच विचारतात, "सगळं ठीक आहे ना घरी?"

तर लिहा. नावामुळे काय मिळालं, काय अडलं, कुणी बदललं, कुणी चिकटवलं. कसंही लिहा, शुद्धलेखन बघणार नाही. फक्त भांडू नका.

वरणफळं:
अगं माझ्या आजीच्या हातावर गोंदलेलं होतं, कृष्णा. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई. लहानपणी मला वाटायचं कृष्ण देवाचं नाव आहे, भक्ती म्हणून गोंदलं असेल. ती गेल्यावर तिच्या भावाने सांगितलं ते तिचंच नाव. सासरच्यांना गोंदण काही पुसता आलं नाही 😄

पुणेरी_पगडी_नको:
डॉक्टर आनंदीबाई जोशी पण माहेरच्या यमुनाच. आपण ज्या नावाने ओळखतो ते गोपाळरावांच्या घरचं. आता त्यांना कोण यमुना म्हणणार.

मोगरा_१२:
हो ना. आणि मला आता प्रश्न पडलाय आईला काय हाक मारली तर तिला बरं वाटेल. विचारलं तर म्हणाली "आई म्हण की, काय नाटकं".

डीआर:
माझं नाव धोंडिराम. माझ्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून आजीने नवस बोलून ठेवलं, की नाव वाईट असलं की यमाची नजर जात नाही. दगडू, धोंडू, केरबा, सगळी त्यातलीच. गावात काही वाटत नव्हतं, आमच्या वर्गात अजून एक धोंडिराम आणि एक दगडू होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो आणि पहिल्याच दिवशी हजेरीला मागचा बाक हसला. सर पण हसले. मग कुणीतरी डीआर केलं आणि ते चिकटलं. पहिली नोकरी लागली तिथे ईमेल आयडी बनवताना एचआरवाली म्हणाली सर तुमचं "प्रोफेशनल नेम" काय ठेवायचं, म्हटलं डीआर ठेवा. आता बायको पण डीआर म्हणते. महर्षी कर्वे धोंडोच होते की राव, भारतरत्न मिळालं त्यांना, १९५८ ला. पण ते सांगायला मी तेव्हा १८ वर्षांचा होतो आणि मागचा बाक हसत होता.

माझी मुलगी आठवीत आहे. तिला मी नावाची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली बाबा म्हणजे तुम्ही राहावं म्हणून ठेवलंय ना. मी बाहेर गेलो गाडी पुसायला.

सुगरण_नाही:
डीआर दादा 🙏 गाडी पुसायला गेलात ते कळलं बरं का

निवांत_बापू:
आमचं नाव घरच्यांनी नाही, हेडमास्तरांनी ठेवलं. घरी सगळे बारक्या म्हणायचे. शाळेत घालायला चुलते घेऊन गेले, मास्तर म्हणाले बारक्या कसं लिहू, बाळासाहेब लिहितो. जन्मतारीख १ जून. त्या वर्षी ज्या पोराची तारीख घरच्यांना माहीत नाही तो १ जूनला जन्मला. बायकोची १ जून, साडूची १ जून. आता बँकेतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे मेसेज येतात तेव्हा घरात सगळे फोन एकदम वाजतात.

वरणफळं:
माझे बाबा, दोन काका, आत्या. सगळे १ जून. आजीचा विक्रम 😂😂

निवांत_बापू:
पण गंमत बघा, बाळासाहेब झाल्यावर खरंच मान मिळाला. तलाठी पण "या बाळासाहेब" म्हणायचा. बारक्या असतो तर सातबाऱ्याला बाहेर उभं केलं असतं.

अर्धविराम:
सगळे पहिल्या नावावर लिहितायत. मी आडनावावर लिहितो.

माझं पहिलं नाव असं आहे की कुणाचंही असू शकतं. त्यामुळे पहिली पाच मिनिटं छान जातात. मग "पूर्ण नाव?" मी वडिलांचं नाव सांगून थांबतो. मग "हो पण पुढे?" आडनाव सांगितलं की चेहऱ्यावर काही होत नाही, शिकलेली माणसं आहेत. फक्त पुढचा प्रश्न बदलतो. "गाव कुठलं?" गावाने पण कळलं नाही तर "म्हणजे मूळचे?" कॉलेजात पहिल्या आठवड्यात रूम बघायला गेलो, मालकीणबाईंनी पाणी दिलं, पंखा लावला, भाडं ठरलं. वहीत लिहून घेताना आडनावाशी पेन थांबलं. मग त्यांना आठवलं की पुतण्या येणार आहे राहायला. पंखा चालूच होता. पुढच्या महिन्यात त्या रूमवर माझाच वर्गमित्र राहायला गेला, तो पुतण्या नव्हता.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत हे सांगायला लागतं म्हणून लिहितो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले होते, शिक्षण-पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. २००७ ला छापून आलंय. सवर्ण वाटणाऱ्या नावांपेक्षा दलित नावांना बोलावणी कमी, मुस्लिम नावांना त्याहून कमी. अमेरिकेत २००४ ला असाच अभ्यास छापून आला, तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट कॉल. म्हणजे माणूस अजून दारात पण आलेला नसतो.

मुलाला आडनाव लावलेलं नाही. त्याचं, आईचं आणि माझं नाव, बस. त्याला आता विचारतात "आडनाव का लावत नाहीस?" म्हणजे त्यावरून पण कळतंच.

पुणेरी_पगडी_नको:
आमच्या घरी मराठीत बोलताना "पाहुणे कोण पैकी" हा प्रश्न अगदी प्रेमाने विचारतात. तुमचं वाचून आता तो ऐकवणार नाही.

खाडीकाठचा:
अर्धविराम, ती मुस्लिम नावांवाली ओळ माझी. मी रत्नागिरीकडचा, घरात कोकणी, शाळा मराठी, दहावीला मराठीत वर्गात पहिला. मुंबईत फ्लॅट शोधताना फोनवर सगळे मालक खूश. "तुम्ही कोकणातले का? वा वा, आमचं पण देवगड." आंब्यांवर बोलणं. शेवटी नाव. मग दोन सेकंद काही नाही. मग "मिसेसला विचारून सांगतो". त्या मिसेसने आजपर्यंत एकदाही हो म्हटलेलं नाही, काय घरोघरी हुकूमशाही आहे बघा. आता मी फोनवर पहिलं वाक्य नावाचंच बोलतो, त्याचा पण वेळ वाचतो माझा पण. आणि ज्यांनी घर दिलं त्या काकू आमच्या ईदला शिरखुर्म्याचा डबा स्वतः येऊन मागून नेतात, हे पण लिहायला पाहिजे.

आणि ते "तुमचं मराठी किती छान आहे हो". अरे माझंच आहे ना.

आंबेवाला_नाही:
रत्नागिरीकडे कुठे? माझं आजोळ राजापूर.

खाडीकाठचा:
जवळच. गंगा आली की आम्ही पण बघायला यायचो, आई घेऊन यायची.

आंबेवाला_नाही:
काय सांगता! आमची आजी फोन करून बोलवायची सगळ्यांना, गंगा आलीय या म्हणून. बरं धागा भरकटला.

फळा_खडू:
मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होते, आता रिटायर. आमच्या हजेरीपटावर नकुशा असायच्या. तिसरी चौथी मुलगी झाली की ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल. हाक मारताना माझीच जीभ अडायची, पण मुलगी "हजर बाई" म्हणून खणखणीत ओरडायची, तिला काय माहीत. पाचवी-सहावीत गेली की आवाज बारीक व्हायचा. २०११ मध्ये जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली, पेपरात सगळीकडे आलं होतं तुम्हाला आठवत असेल. एका मुलीने ऐश्वर्या निवडलं. जोडाक्षरं लिहिता येईनात, श्व ला अडकायची. तीन बोटं शाईने माखलेली, वहीचं पान च्या पान भरून ऐश्वर्या ऐश्वर्या. मी म्हटलं अगं सोपं घे एखादं, सीमा, राणी. म्हणाली नाही बाई, हेच.

घरी मात्र बरीच वर्षं नकुशाच म्हणत होते. आई शेतातून हाक मारायची तर तीच तोंडात बसलेली. सरकारी कागद बदलतो, आईची जीभ नाही बदलत लगेच.

सुगरण_नाही:
बाई, ऐश्वर्या आता काय करते?

फळा_खडू:
नर्सिंग केलं. लग्नात नाव बदलू दिलं नाही, एकदा बदललंय तेवढं पुरे म्हणाली 🙂

ज्ञ_शेवटचा:
एवढं सगळं वाचून माझं फारच फालतू वाटतंय पण लिहितो. ज्ञानेश. मराठी शाळेत ज्ञ म्हणजे शेवटचा नंबर, तोंडी परीक्षेला संध्याकाळ व्हायची, सर दमलेले, पास करून सोडायचे. अकरावीत इंग्रजी यादी, स्पेलिंग डी एन वरून, एकदम वरती. पहिलाच बळी. माझे मार्क तिथून जे घसरले त्याला कारण डी आहे असं मी आजही आईला सांगतो. परदेशातल्या क्लायंटने एकदा "दिनानेश" म्हटलं, एकदा नुसतं "डॅन". डॅनचं प्रमोशन झालं, ज्ञानेशचं अडकलं होतं.

डीआर:
डॅन भाऊ, डीआरचा नमस्कार 😂

पोटदुखे_पण_ठणठणीत:
आयडी बघा, खरं आडनाव आहे. मी डॉक्टर आहे. पेशंट पाटी वाचून हसतच आत येतात, अर्धा आजार तिथेच बरा. मला आडनावाने धंदा दिला, तक्रार नाही. बहिणीला मात्र स्थळं येताना फार ऐकून घ्यावं लागलं. शेवटी दहातोंडे आडनावाच्या मुलाशी जमलं. दोघांपैकी कुणीच हसलं नाही म्हणे.

दुबईकर_मावशी:
कामात आहे, पटकन लिहिते. सासूबाईंच्या पासपोर्टवर नुसतं सखुबाई. आडनावाचा रकाना कोरा, एजंटने तसंच भरलेलं. इतकी वर्षं काही अडलं नाही, पण नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने एकेरी नावाच्या पासपोर्टला व्हिजिट व्हिसा बंद केला. तिकीट काढलेलं, लाडू बांधलेले. मग कळलं की शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालतं. आल्या एकदाच्या. विमानतळावर विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या गावात सखुबाई म्हटलं की मीच, हितं किती सखुबाई हायेत त्यांच्याकडं?"

मोगरा_१२:
सासूबाईंना दंडवत 😂

काजूकतली:
आईच्या नावाचं कुणी बोललंच नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव लावायचं असं आपल्या सरकारने केलंय, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझी लेक त्या जूनमधलीच. दाखल्यावर माझं नाव बघून सासरे म्हणाले "फार लांब झालं हो". चार नावांत नेमकं एकच लांब वाटलं.

निवांत_बापू:
चांगलं केलं. पण फॉर्ममध्ये चौकोन पुरले पाहिजेत.

अर्धविराम:
पुढच्या सुनेचं लग्नात नाव बदललं तर पोराच्या दाखल्यावर आईचं कुठलं नाव टाकायचं, हा घोळ होणारच.

स्वगत:
त्याच घोळात आहे. मला माहेरच्या नावावर परत यायचंय, मिस्टर नाहीत आता. वय ५२. पॅनवर एक, आधारवर दुसरं, डिग्रीवर तिसरं. कुठून सुरुवात करू? लोक म्हणतात आता कशाला.

फळा_खडू:
ताई, लोकांचं सोडा. राजपत्रात नाव बदलाची सूचना द्या, महाराष्ट्र शासनाचं, अर्ज ऑनलाइन होतो. आमच्या मुलींच्या वेळी सगळ्यात उपयोगी पडला तो तोच कागद. मग त्यावर आधार, मग पॅन, बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग डिग्रीशी अक्षर न अक्षर जुळवून मगच सबमिट करा. आणि पीडीएफच्या दहा प्रिंट काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर एक जाते.

स्वगत:
बाई खूप खूप आभार. आजच रात्री बसते.

वरणफळं:
स्वगत ताई, झालं की इथे नव्या नावाने आयडी काढून या, पेढे तुमचे.

सुगरण_नाही:
माफ करा जरा अवांतर, भाच्याचं बारसं आहे रविवारी, र वरून नाव हवंय. रेयांश, रिआन, रुद्रांश सोडून. आमच्या बिल्डिंगमध्ये तिन्ही आहेत आणि एकाला हाक मारली की तिघं येतात.

निवांत_बापू:
रघुनाथ ठेवा. भारदस्त.

ज्ञ_शेवटचा:
आमच्याकडे रघुनाथ नावाचा बैल होता.

निवांत_बापू:
कामाला कसा होता?

ज्ञ_शेवटचा:
एक नंबर.

सुगरण_नाही:
वहिनीला कळवते 😂 बैलाचं सांगत नाही