विषय: घर पसंत पडलंय, पण इन्स्पेक्शनचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

7 महिने शोधल्यावर एक घर मनात भरलंय. 40 वर्षांचं, विटांचं, आतली जमीन लाकडी. विकणाऱ्यांनी बिल्डिंग इन्स्पेक्शनचा रिपोर्ट आधीच करून ठेवलाय. एजंट म्हणतो, तोच वापरा, ऑफरला अटी लावत बसलात तर घर दुसऱ्याला जाईल. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘किरकोळ दोष’ एवढंच लिहिलंय. यांचं म्हणणं, रिपोर्ट आहेच तर पुन्हा पैसे कशाला? शुक्रवारी उत्तर द्यायचंय. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

---

उत्तर 1

ताई, स्वतःचा इन्स्पेक्टर लावा. हातात आलेला रिपोर्ट कितीही नीट केलेला असला, तरी तो विकणाऱ्याने सांगून, त्याच्या पैशाने झालाय. उद्या त्यात चूक निघाली तर तुम्हाला त्या इन्स्पेक्टरकडे दाद मागता येईलच असं नाही.

आणि तो रिपोर्ट आज रात्रीच पुन्हा वाचा, पण पहिलं पान सोडून द्या. आत कुठेतरी ‘तपासता न आलेले भाग’ अशी यादी असते, ती आधी काढा. हे कळकळीने सांगतोय, कारण आमचं नेमकं तिथेच चुकलं. आमच्या पहिल्या घराच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: ‘जमिनीखालच्या पोकळीत जाता आले नाही.’ खाली उतरायचं झाकण एका भरलेल्या कपाटाखाली होतं. कपाट रिकामं करा म्हणून कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षांनी बाथरूमच्या दारापाशी पाय ठेवला की जमीन दबायला लागली. उघडून पाहिलं तर शॉवरखालचं वॉटरप्रूफिंग कधीच गेलेलं, पाणी खाली झिरपून लाकडी वासे इतके कुजलेले की स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जात होता. अख्खं बाथरूम तोडावं लागलं. लहान मुलांना घेऊन 6 आठवडे मित्राच्या घरी काढले. त्या इन्स्पेक्टरने खोटं काही लिहिलं नव्हतं. ‘पाहिलं नाही’ असं त्याने लिहिलं आणि आम्ही ते ‘ठीक आहे’ असं वाचलं.

इन्स्पेक्शन म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच. भिंत फोडत नाहीत, गालिचा उचलत नाहीत, घरमालकाचं सामान हलवत नाहीत. म्हणून माळ्यावर आणि जमिनीखाली जायची वाट मोकळी करून ठेवा, असं एजंटला आधीच लेखी कळवा. तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. शॉवर 10-15 मिनिटं चालवून मग त्याच्या पलीकडच्या भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावायला सांगा. कोरड्या बाथरूममध्ये गळती सापडत नाही. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी लागून ते कुजू शकतं. थर्मल कॅमेऱ्याचे रंगीत फोटो बघून मात्र हुरळून जाऊ नका. त्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. संशय आला तिथे यंत्र टेकवायलाच हवं.

तड्यांचं म्हणाल, तर प्लास्टरमधल्या केसासारख्या भेगा बहुतेक घरांत असतात. पण विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला, 5 मिलिमीटरहून रुंद तडा असेल आणि शेजारचं दार चौकटीत अडकत असेल, तर पाया खचल्याची शंका घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. बाहेर जमिनीचा उतार घराकडे आहे का, पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडतंय का, हे तर तुम्हालाही दिसेल.

---

उत्तर 2

वरच्या मेलशी सहमत. थोडी भर घालते. वाळवी, वीज, सांडपाण्याचे पाइप हे साध्या इन्स्पेक्शनमध्ये बहुधा नसतंच, काय काय धरलंय ते पैसे देण्याआधी विचारून घ्या. जुन्या घरात सांडपाण्याच्या पाइपमध्ये कॅमेरा सोडून घेतलेला बरा, झाडांची मुळं आत शिरलेली असतात. 40 वर्षांच्या घरात ॲसबेस्टॉसचे पत्रे असू शकतात. न तुटलेले, न भुगा झालेले पत्रे सहसा लगेच धोक्याचे नसतात, पण नमुना म्हणून स्वतः तुकडा तोडू नका.

अटीची भीती वाटत असेल तर ऑफर देण्याआधीच तपासणी उरकून घ्या. घर हातचं गेलं तर ती फी वाया जाईल हे खरं, पण मी ते नुकसान सोसेन. अट घालणार असाल तर तिची भाषा वकिलाकडून बघून घ्या. ‘इन्स्पेक्शन समाधानकारक असल्यास’ आणि ‘मोठा स्ट्रक्चरल दोष नसल्यास’ यांत फार फरक आहे. दुसऱ्या अटीवर पुष्कळ लहान दोष निघाले तरी तुम्हाला मागे फिरता येणार नाही.

आणि रिपोर्ट 50-60 पानांचा आला तर घाबरू नका, दोष प्रत्येक घरात निघतात. इन्स्पेक्टरला फोन करून एवढंच विचारा: यातलं काय वर्षभर तसंच राहिलं तर वाढत जाईल? फोनवर ते बरंच मोकळेपणाने बोलतात.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांनी बसून रिपोर्ट पुन्हा वाचला. 31व्या पानावर लिहिलंय: ‘बाथरूमखालील भाग अरुंद वाटेमुळे पाहता आला नाही.’ हे वाचून यांनीच सकाळी दुसऱ्या इन्स्पेक्टरला फोन लावला. गुरुवारी 8 वाजता येतोय, खाली शिरायची तयारी आहे म्हणाला. शॉवर चालवायची परवानगी एजंटकडे लेखी मागितली आहे, उत्तराची वाट बघतेय.