दोन आसनी विमान स्वतः बांधायला घ्यावे का? काम नेमके कुठे अडते?

नवशिका

माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि एखादे छोटे दोन आसनी विमान स्वतः बांधावे, हा विचार बराच काळ मनात घोळत आहे. ड्रिल, कानस, व्हर्नियर ही हत्यारे माझ्या सवयीची आहेत, परंतु विमानाच्या कामाचा अनुभव मुळीच नाही. धातूचे किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) घ्यावे, की नुसते आराखडे घेऊन लाकडात किंवा काचतंतू आणि इपॉक्सीत काम करावे, याचा निर्णय होत नाही.

त्याहून मोठी शंका वेगळीच आहे. अर्धवट राहिलेली आणि मिळेल त्या किमतीला विकायला काढलेली कितीतरी किटे पाहण्यात येतात. ती सुरू करणारी माणसे माझ्यापेक्षा कमी हुशार किंवा कमी हौशी होती असे मुळीच वाटत नाही. मग काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडते? आणि ज्यांनी ते तडीस नेले, त्यांना त्यातून असे काय मिळाले, जे तयार विमान विकत घेऊन मिळाले नसते? धीर देणाऱ्या उत्तरांपेक्षा स्पष्ट उत्तरे मिळाली तर अधिक उपयोग होईल.

रिव्हेटवाला

कौशल्य कमी पडल्यामुळे काम थांबले, असे मी फारसे पाहिलेले नाही. खंड पडल्यामुळे थांबलेली कामे मात्र पुष्कळ पाहिली आहेत. रोज तासभर काम करणारा माणूस पुढे सरकत राहतो. सुट्टीत एकदम दहा तास काम करीन असे ठरवणाऱ्याचा मात्र आधी कुठवर आलो होतो हे आठवण्यातच अर्धा वेळ जातो, आणि तशा दोन-तीन सुट्ट्या हुकल्या की किटावर आच्छादन पडते.

धातूच्या कामाची कल्पना यावी म्हणून एकाच रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकून बसवायच्या खिळीचे, सांगतो. बाहेरील पत्र्यासाठी बहुधा 3/32 इंच, म्हणजे सुमारे 2.4 मिलिमीटर व्यासाचा चपट्या डोक्याचा रिव्हेट वापरतात. भोक अंतिम मापाला आणायचे, दोन्ही बाजूंची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढायची, डोके पत्र्याच्या पातळीत बसावे म्हणून डिंपल (भोकाभोवती खोलगट खळगा) पाडायचा, प्रायमर द्यायचा, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे चाप) लावून पत्रे जुळवायचे, आणि मग एका बाजूने हवेची रिव्हेट गन व दुसऱ्या बाजूने पोलादी ठोकळा धरून रिव्हेट ठोकायचा. मागे तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच, म्हणजे या रिव्हेटला साधारण 3.6 मिलिमीटर रुंद आणि 1.2 मिलिमीटर उंच असावे लागते. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर राखावे लागते. हे सगळे एका रिव्हेटसाठी, आणि अशा विमानात रिव्हेटांची संख्या दहा हजारांच्या वर सहज जाते. आजकालच्या किटांत भोके कारखान्यातच पाडून येतात, त्यामुळे जुळवणीचा मोठा ताप वाचला आहे, पण बर काढणे कोणाला चुकलेले नाही.

रिव्हेट बिघडला तर तो ड्रिल करून काढता येतो. त्याच्या डोक्याच्या मधोमध असलेली बारीक खळी ही मिश्रधातूची खूण असते आणि ड्रिलचे टोक टेकवायलाही तिचाच उपयोग होतो. तरीही डोके किंचित कमी बसले आहे एवढ्याच कारणाने रिव्हेट काढू नये, असे जुने कारागीर सांगतात, कारण काढताना भोक लंबगोल झाले तर आधीच्यापेक्षा मोठी अडचण पदरी पडते. काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे, हा विवेक हातात यायला वेळ लागतो, आणि माझ्या मते या छंदातले खरे शिक्षण तेच आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. शेपटीचे काम लवकर होते, दिसायला सुरेख असते आणि त्यामुळे हुरूप वाढतो. पंखांत तेच ते काम पुन्हा पुन्हा करावे लागते. तिथे काही जण गळतात. परंतु सर्वाधिक विमाने अडतात ती सांगाडा चाकांवर उभा राहिल्यानंतर. पाहणाऱ्याला वाटते की आता रंग दिला की झाले, आणि बांधणाऱ्यासमोर मात्र इंजिन बसवणे, इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा, उपकरणांची पाटी आणि काचेचे छत एवढे सगळे उभे असते. तोपर्यंत आराखड्यातील प्रत्येक पायरी नेमून दिलेली असते. इथून पुढे पर्याय सुरू होतात, आणि प्रत्येक पर्यायासाठी वाचन, विचारपूस व पैसा लागतो. इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणे यांचा खर्च किटाच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. नव्वद टक्के काम झाले आणि नव्वद टक्के उरले, असे बांधणारे हसत हसत म्हणतात ते या टप्प्याला उद्देशून.

स्प्रूस आणि सरस

वरील उत्तर धातूपुरते पूर्ण आहे, म्हणून मी उरलेल्या दोन मार्गांबद्दल लिहितो.

लाकडाचे काम शांत असते, हत्यारे कमी लागतात आणि शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. 1920 च्या दशकाच्या शेवटी आखलेले पीटनपोल एअर कॅम्पर हे विमान आजही लाकूड आणि कापड वापरूनच बांधले जाते. त्याच्या गाजलेल्या नमुन्यात फोर्ड मोटारीचे इंजिन होते. मात्र लाकूड निवडण्यातच निम्मी परीक्षा असते. स्पारसाठी (पंखाच्या मुख्य तुळईसाठी) घेतलेल्या स्प्रूस या लाकडाच्या फळीत रेषांचा तिरकेपणा 15 इंच लांबीत एका इंचापेक्षा अधिक चालत नाही. सरसाच्या प्रत्येक घाणीबरोबर (एका वेळी कालवलेल्या सरसाबरोबर) एक नमुना सांधा जोडून ठेवावा आणि सरस पूर्ण वाळल्यावर तो मोडून पाहावा. लाकूड फाटले तर सांधा उत्तम. सरसाच्या रेषेवरच तो स्वच्छ सुटला, तर त्या घाणीने जोडलेल्या सर्व सांध्यांविषयी शंका घ्यावी लागते. मोडलेल्या त्या तुकड्यांवर तारीख घालून ते जपून ठेवावेत. तपासणीच्या वेळी ते तोंडी खुलाशापेक्षा अधिक बोलतात.

काचतंतू आणि इपॉक्सीचा मार्ग विमानांचे आराखडे करणारे बर्ट रुटान यांच्या 1975 मधील व्हॅरीईझी विमानामुळे हौशी मंडळींमध्ये लोकप्रिय झाला. पॉलिस्टायरीन फोमचा गाभा तापलेल्या तारेने कापायचा आणि त्यावर काचकापडाचे थर बसवायचे, अशी ती साच्याविना करण्याची पद्धत आहे. युरेथेन फोम मात्र तापलेल्या तारेने कधीही कापू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. इपॉक्सी मोजून घ्यावी लागते आणि लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर (ती घट्ट करणारे मिश्रण) वाढवून चालत नाही. प्रमाण बिघडले की ती कायमची मऊ राहते. हातमोज्यांचा कंटाळा करणाऱ्यांना पुढे त्वचेची अॅलर्जी जडते, आणि ती जडली की कित्येकांना कामच सोडावे लागते. ही विमाने बहुधा पांढरी का असतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. गडद रंग उन्हात तापतो आणि तापलेली इपॉक्सी मऊ पडू लागते, एवढेच त्याचे कारण आहे.

निवड करताना ताकद आणि वेग यांचे तक्ते बाजूला ठेवावेत आणि आपल्याला कोणत्या पदार्थाबरोबर रोज संध्याकाळी बसायला आवडेल, एवढेच स्वतःला विचारावे.

थेट आकाशात

मी थोडा विरोधी सूर लावतो. आपल्याला उडायचे असेल तर कोणीतरी बांधून पूर्ण केलेले, शे-दोनशे तास उडालेले विमान विकत घ्यावे. ते बहुधा नव्याने बांधण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि मधल्या वर्षांत आपले उड्डाण सुटत नाही. बांधण्याच्या नादात ज्यांचा उड्डाणाचा सराव तुटला आणि मग तयार झालेल्या नव्या विमानात बसायचीच भीती वाटू लागली, अशी माणसे माझ्या ओळखीत आहेत. ज्याला बांधणेच आवडते, त्याने बांधावे.

तपासनीस

शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु वापरलेले विमान घेणे हा आपोआप सुरक्षित मार्ग ठरतो, असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2011 मधील ज्या अपघातांचा त्यात तपास झाला, त्यांतील निम्म्याहून अधिक विमाने चालू मालकाने बांधलेली नव्हती, तर विकत घेतलेली होती. इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरील ताबा सुटणे ही दोन कारणे त्या अभ्यासात ठळकपणे पुढे आली.

गायक जॉन डेन्व्हर यांचा ऑक्टोबर 1997 मधील अपघात या संदर्भात जरूर वाचावा. त्यांचे लाँग-ईझी जातीचे विमान विकत घेतलेले होते. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये असलेली इंधनाची टाकी बदलण्याची खुंटी, ते विमान बांधताना डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर बसवण्यात आली होती. हवेत ती फिरवायची तर शरीर वळवावे लागत असे. आराखड्यातील एखादी गोष्ट गैरसोयीची वाटली म्हणून हलवण्याचा मोह प्रत्येक बांधणाऱ्याला होतो. आराखडा करणाऱ्याने ती तिथेच का ठेवली हे समजेपर्यंत तिला हात लावू नये, असे मी तपासणीच्या पहिल्याच भेटीत सांगतो.

अर्थात आराखडाही डोळे झाकून घेऊ नये. आंरी मिन्ये यांचे फ्लाइंग फ्ली हे छोटे विमान 1934 नंतर युरोपात शेकडो लोकांनी उत्साहाने बांधायला घेतले. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरील झडपा) नसलेल्या त्या विमानात पुढचा पंख कलवून वरखाली जाता येत असे. पण ते एका मर्यादेपलीकडे नाक खाली करून गेले की पुढच्या आणि मागच्या पंखांच्या परस्पर परिणामामुळे ते वर घेता येत नसे. अनेकांचे प्राण गेल्यावर, पूर्ण आकाराच्या वातबोगद्यातील चाचण्यांतून हा दोष सिद्ध झाला. म्हणून पुष्कळ नगांनी पुष्कळ तास उडून दाखवलेला आराखडाच घ्यावा.

आता तपासणीत वारंवार दिसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे इंधनाचा प्रवाह. नाक चढाईच्या कोनात वर करून, टाकीत थोडेच इंधन ठेवून, कार्बुरेटरपाशी नळी सोडवून प्रवाह मोजावा. इंधन केवळ गुरुत्वाने येत असेल तर उड्डाणाच्या वेळी इंजिनाला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट प्रवाह मिळाला पाहिजे, आणि पंप असेल तर सव्वापट. जमिनीवर, विमान सपाट उभे असताना इंजिन तासभर छान चालले, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि ती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. एलेव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीवरची झडप) आणि एलेरॉन यांचा बिजागरीभोवतीचा तोल साधल्यानंतर त्यांना रंग दिला, तर रंगाचे वजन मुख्यतः बिजागरीच्या मागच्या बाजूला पडते आणि तोल बिघडतो. मंद वेगात काहीच जाणवत नाही. वेग वाढला की तोच भाग थरथरू लागतो, आणि ही थरथर, जिला आम्ही फ्लटर म्हणतो, काही क्षणांत शेपटी उखडू शकते. आराखड्यात तोल साधायला सांगितला असेल तर रंगानंतर तो पुन्हा तपासावा. संपूर्ण विमानाचे वजनही रंगानंतरच, तिन्ही चाकांखाली काटे ठेवून, विमान समपातळीत करून घ्यावे. गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला, तर पहिले उड्डाण पुढे ढकलण्यास दुसरे कोणतेही कारण लागत नाही.

आपण काय मिळते असेही विचारले आहे. अमेरिकेत असे विमान नोंदवताना निम्म्याहून अधिक बांधणी हौशी व्यक्तींनी, शिक्षण किंवा विरंगुळा म्हणून केलेली असावी लागते, आणि मुख्य बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. विकत घेणाऱ्याला बांधणाऱ्याचे हे प्रमाणपत्र मिळत नाही. हा फरक केवळ कागदाचा नाही. इंजिनाचा आवाज किंचित बदलला, पेडल किंचित जड लागले, तर त्यामागची तार कोणत्या कप्प्यातून आणि कोणत्या कप्पीवरून गेली आहे हे बांधणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसते. दुसऱ्याच्या विमानात आपण लक्षण पाहतो. स्वतःच्या विमानात कारण पाहतो.

नवशिका

सर्वांचे आभार. मन धातूकडे आणि बांधणीकडेच झुकले आहे. तरीही एवढे सगळे वाचल्यावर एकदम संपूर्ण किट मागवणे धाडसाचे वाटते. सुरुवात लहान करता येते का? आणि पहिले उड्डाण स्वतः करावे की दुसऱ्याकडून करून घ्यावे?

रिव्हेटवाला

किटे टप्प्याटप्प्याने विकली जातात, आणि बहुतेक जण शेपटीपासूनच सुरुवात करतात. त्याआधी सरावाचे एखादे छोटे किट घेऊन त्यातले रिव्हेट मुद्दाम काढून पुन्हा ठोकावेत. शेपटी पूर्ण झाल्यावर तिच्या दर्जापेक्षा आपली सवय तपासावी: कोणी न सांगता आपण संध्याकाळी कामाच्या जागेकडे वळत होतो का? वळत असाल तर पंख मागवावेत. नसाल तर शेपटी विकून टाकावी. एवढ्या टप्प्यावर तोटा थोडा असतो. जागेच्या दरवाजाची रुंदी मात्र आजच मोजून घ्यावी, कारण तयार झालेला सांगाडा बाहेर काढण्यासाठी भिंत फोडावी लागलेले लोक या छंदात सर्वत्र आढळतात.

पहिल्या उड्डाणाविषयी माझे मत असे, की त्याच जातीच्या विमानात अलीकडे पुरेसे तास केलेले नसतील, तर आपण बसू नये. बांधणारा माणूस हवेत काही बिघडले तर विमान वाचवू पाहतो, आणि त्या क्षणी विमानाची किंमत शून्य धरणारा माणूस आत असावा लागतो. प्रशिक्षकाबरोबर त्या जातीच्या विमानात सराव झाला असेल आणि हात चालता असेल, तर खुशाल आपणच उडवावे. पहिल्या उड्डाणानंतरही अमेरिकेत साधारणपणे 25 ते 40 तासांचा चाचणीचा काळ ठरवून दिलेला असतो. त्या काळात विमान नेमलेल्या क्षेत्रातच ठेवतात, प्रवासी नेत नाहीत, आणि स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत), चढाईचा दर, इंजिनाचे तापमान अशा नोंदी उड्डाणागणिक करतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी सर्व काही तपासण्याची घाई करण्याचे कारण नाही. त्या दिवशी धावपट्टी लांब, वारा मंद आणि प्रेक्षक शक्य तितके कमी असावेत.