मदत हवी आहे: १८९६ ची निवडणूक, चांदी आणि शेतकऱ्याचं कर्ज – हिशोब जुळत नाही

ऋतुजा_वाचते
अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर, म्हणजे सोन्याच्या बाजूचा रिपब्लिकन मैकिन्ली विरुद्ध चांदीच्या बाजूचा डेमोक्रॅट ब्रायन यावर निबंध लिहितेय. १६:१ (टांकसाळीत १६ भार चांदी बरोबर १ भार सोनं) काय ते कळलंय, कृपया पहिल्यापासून सांगू नका. अडलंय ते असं. १००० डॉलरचं कर्ज गव्हात मोजलं तर आधी ८४० बुशेल (धान्याचं अमेरिकन माप) होतं आणि नंतर २०४०. दुसऱ्या तक्त्यावरून केलं तर बोजा याहूनही कितीतरी जास्त वाढतो. आणि तिसरीकडे वाचलं की शेतकऱ्याचा बोजा फारसा वाढलाच नव्हता. तिन्ही बरोबर कसे असतील? दुसरं म्हणजे, ५३ सेंटची चांदी देऊन एक डॉलरचं नाणं घ्यायचं ही उघड फसवणूक नव्हती का? उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

जुना_हिशोब
"आधी" म्हणजे कोणतं वर्ष आणि "नंतर" म्हणजे कोणतं? भाव शिकागोचा की शेतावरचा? कर्ज किती वर्षांचं धरलंय? हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

पश्चिमवारा
चांदीचा नाद सोडा. शेतकऱ्याचं खरं दुखणं रेल्वेचं भाडं होतं. जिथे एकच कंपनी तिथे लांबच्या पल्ल्यापेक्षा जवळच्या पल्ल्याला जास्त भाडं. १८७७ च्या 'मन विरुद्ध इलिनॉय' खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यांना धान्यकोठारांचे दर ठरवायची मुभा दिली, पण १८८६ च्या वॉबॅश खटल्यात राज्याबाहेर जाणाऱ्या रेल्वेमालाचं भाडं राज्यांच्या हातून काढून घेतलं. म्हणून १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग आला. निबंध यावर लिहा.

ऋतुजा_वाचते
विषय दिलेला आहे, बदलता येत नाही. ८४० म्हणजे १८८१ आणि २०४० म्हणजे १८९४. दुसरा तक्ता १८६७ पासून आहे. शिकागो की शेत, ते तक्त्यात लिहिलेलं नाही. मुदत धरलीच नाही, कर्ज आहे तसंच आहे असं धरलंय.

जुना_हिशोब
मग तीन चुका एकदम झाल्यात. आधी १८६७ चा तक्ता बाजूला ठेवा. तो भाव सोन्याच्या डॉलरमध्ये नाही, ग्रीनबॅकमध्ये आहे. यादवी युद्धाचा खर्च भागवायला १८६२ मध्ये सरकारने सोन्याशी न बांधलेल्या नोटा काढल्या. जुलै १८६४ मध्ये १०० सोन्याच्या डॉलरला जवळजवळ २८५ कागदी डॉलर पडत होते. १८६७ ची सरासरी साधारण १३८. म्हणजे त्या वर्षाचा कोणताही भाव १.३८ ने भागल्याशिवाय १८९४ च्या शेजारी ठेवता येत नाही. १ जानेवारी १८७९ ला नोटा सोन्यात बदलून मिळायला लागल्या, तिथून पुढे ही अडचण नाही. म्हणून सुरुवात १८७९ नंतरच्या वर्षापासून करा.

दुसरी चूक जास्त मोठी. १८८१ ला गहू शेतावर साधारण १ डॉलर १९ सेंट होता, त्या अख्ख्या काळातला हा वरचा टोकाचा भाव. १८९४ चे ४९ सेंट हे खालचं टोक. दोन टोकं पकडून रेघ ओढली की काहीही सिद्ध होतं.

काळी_माती
पण भाव घसरत होते हे तर खरंच ना? कापूस १८९४ मध्ये पौंडाला पाच सेंटच्याही खाली गेला होता. टोकं-टोकं म्हणून शेतकऱ्यांची तक्रारच पुसून टाकू नका.

जुना_हिशोब
तक्रार पुसत नाहीये. ती नक्की कुठे बसते ते दाखवतोय. तिसरी चूक मुदतीची. पश्चिमेकडच्या गहाणकर्जाची मुदत वीस वर्षांची नसायची, तीन ते पाच वर्षांची असायची. दरवर्षी फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल शेवटी एकरकमी. म्हणून कर्ज घेतल्याचं साल आणि फेडायचं साल अशी जोडी घेऊन मोजायला हवं.

१८८४ ला गहू साधारण ६४-६५ सेंट, १८८९ ला ७०. त्या वेळी १००० डॉलर घेतलेल्याचा बोजा १५५० बुशेलवरून १४३० वर आला, म्हणजे कमी झाला. १८८७ ते १८९२ मध्ये भाव ६८ वरून ६२ वर आला, बोजा १४७० वरून १६१३. वाढला, पण बुडण्याइतका नाही. १८८८ ते १८९३ घ्या: ९३ सेंटवरून ५४. म्हणजे १०७५ बुशेलचे १८५० झाले.

तिन्ही लेखक वेगवेगळी जोडी घेत होते, म्हणून तिघांची उत्तरं वेगळी.

ऋतुजा_वाचते
हे पटलं. पण मग निबंधात कोणती जोडी घेऊ? आणि व्याज कुठे गेलं?

जुना_हिशोब
१८८८-९३ घ्या, पण "ही वाईटात वाईट जोड्यांपैकी एक" असं स्पष्ट लिहून. शेजारी १८८४-८९ ही द्या. व्याज वेगळं मोजा. ८ टक्के धरले तर वर्षाला ८० डॉलर. १८८९ ला ते ११४ बुशेल, १८९० आणि ९१ ला ९५-९५, १८९२ ला १२९, १८९३ ला १४८. आता १६० एकरांच्या शेतात ६० एकर गहू आणि एकरी १२-१३ बुशेल उतारा धरा. वर्षाचं पीक साडेसातशे बुशेलच्या आसपास. त्यातून बी-बियाणं, मळणी आणि घरखर्च वजा गेल्यावर १८५० बुशेलचं मुद्दल एका वर्षात फिटणं शक्यच नाही. सगळी मदार कर्जाच्या नूतनीकरणावर होती. आणि १८९३ च्या पडझडीत पूर्वेकडचे सावकार नूतनीकरणच करीनात. शेतकरी मोडला तो या ठिकाणी.

लेखणी_झिजली
यात भर घालते. नॅशनल बँकांना जमीन तारण घेऊन कर्ज द्यायला १८६४ च्या कायद्याने बंदी होती, ती १९१३ पर्यंत राहिली. म्हणून गावातल्या नॅशनल बँकेत जमिनीवर कर्ज मिळायचंच नाही. पैसा यायचा पूर्वेकडच्या गहाण कंपन्या आणि विमा कंपन्यांकडून. त्यातल्या बऱ्याच गहाण कंपन्या नव्वदीच्या सुरुवातीला बुडाल्या. नूतनीकरण का थांबलं याचं कारण हेच आहे.

दक्षिणेला हा हिशोब लावू नका. तिथे जमीन तारण नव्हतीच, उभं पीक तारण होतं. दुकानदार रोखीचा एक भाव आणि उधारीचा दुसरा, वरचा भाव लावायचा. व्याज त्या फरकात लपलेलं. शिवाय दुकानदार कापूसच लावायला भाग पाडायचा, कारण कापूस विकून लगेच पैसा येतो. भाव पडला तरी शेतकरी पीक बदलू शकत नव्हता.

काळी_माती
आणि त्यावर फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेकडे चांदीपेक्षा चांगला उपाय होता, सबट्रेझरी योजना. सरकारने गोदामं बांधायची, शेतकऱ्याने न सडणारं पीक तिथे ठेवायचं आणि किमतीच्या ८० टक्के रक्कम नाममात्र व्याजाने नोटांमध्ये घ्यायची. म्हणजे सुगीत सगळ्यांनी एकदम विकून भाव पाडायचा नाही. १८९२ च्या ओमाहा जाहीरनाम्यात ती होती. त्या वर्षी पॉप्युलिस्टांच्या (शेतकऱ्यांच्या तिसऱ्या पक्षाच्या) उमेदवार वीव्हरला दहा लाखांवर मतं आणि २२ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी) मिळाली. १८९६ मध्ये पक्षाने ब्रायनलाच उमेदवार केलं आणि हे सगळं चांदीखाली गाडलं गेलं. माझ्या मते चळवळीचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

ऋतुजा_वाचते
छान आहे, पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. ५३ सेंट.

टांकसाळ
तो मी घेतो. चांदीच्या डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन (वजनाचं छोटं माप) शुद्ध चांदी, सोन्याच्या डॉलरमध्ये २३.२२ ग्रेन शुद्ध सोनं. भागाकार १५.९९, यालाच १६:१ म्हणत. औंसात ४८० ग्रेन, म्हणून टांकसाळीचा भाव चांदीला औंसामागे १ डॉलर २९ सेंट आणि सोन्याला २० डॉलर ६७ सेंट. १८९६ ला बाजारात चांदी होती साधारण ६८ सेंट. ३७१.२५ भागिले ४८० म्हणजे ०.७७३ औंस, गुणिले ६८. तुमचे ५३ सेंट इथून आले. बाजारातलं प्रमाण तेव्हा तीसास एक झालेलं होतं.

आता फसवणूक का? १८७३ मध्ये नेमकं उलट होतं. चांदी बाजारातच १ डॉलर २९ सेंटच्या थोडी वर होती, म्हणून टांकसाळीत चांदी घेऊन कुणी जातच नव्हतं. त्या वर्षीच्या नाणेकायद्यातून चांदीचा डॉलर वगळला गेला तेव्हा जवळपास कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर चांदी घसरली आणि लोकांना कळलं की दार बंद झालंय. "७३ चा गुन्हा" हे नाव तेव्हा पडलं. रुप्यवाद्यांचं (मुक्त चांदीच्या नाण्यांची मागणी करणाऱ्यांचं) म्हणणं असं की तेच दार उघडा, मागणी वाढेल आणि बाजारभाव पुन्हा १.२९ वर येईल. विरोधकांचं म्हणणं की एकट्या अमेरिकेने उघडलं तर जगाची चांदी इथे येईल आणि सोनं बाहेर जाईल. ग्रेशमचा नियम, म्हणजे वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलतो.

बाजारभाव_६४
विरोधकांचं म्हणणं बरोबर होतं. १८९० च्या शर्मन कायद्याने सरकार महिन्याला ४५ लाख औंस चांदी घ्यायचं, त्याआधी १८७८ च्या कायद्याने महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची. इतकी खरेदी करूनही चांदी वर टिकली नाही. उलट चांदीसाठी दिलेल्या नोटा लोक सोन्यात वटवायला लागले. १० कोटी डॉलरचा सोन्याचा साठा ही किमान पातळी मानली जायची, एप्रिल १८९३ मध्ये तो त्याखाली गेला.

टांकसाळ
ठराविक खरेदी आणि मुक्त नाणेपाड यांत फरक आहे. सरकारने ठरलेल्या वजनाची चांदी बाजारभावाने घेतली तर तिची किंमत १.२९ ला बांधली जात नाही. कुणीही कितीही चांदी आणावी आणि त्याच वजनाचे डॉलर न्यावेत असं असेल तरच बांधली जाते. आणि हे एकट्या अमेरिकेवर अवलंबून नव्हतं. २६ जून १८९३ ला हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक दाराबाहेर उभं राहिलं. काही दिवसांतच चांदी कोसळली आणि अध्यक्ष क्लीव्हलंडने शर्मन कायदा रद्द करण्यासाठी अमेरिकी संसदेचं (काँग्रेसचं) खास अधिवेशन बोलावलं. १ नोव्हेंबरला तो रद्द झाला.

ऋतुजाताई, निबंधात जागा असेल तर हे घाला. सत्तरीच्या सुरुवातीला रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता, १८९२-९३ ला सव्वा शिलिंगावर आला. अमेरिकन रुप्यवादी हाच दाखला द्यायचे: लिव्हरपूलला गव्हाचा भाव सोन्यात पडला तरी हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याला रुपये तितकेच मिळतात, आमच्या शेतकऱ्याला डॉलर कमी मिळतात.

बाजारभाव_६४
फरक मान्य. पण मुक्त नाणेपाड झाली असती तर डॉलर सोन्यावरून चांदीवर गेला असता, हे तरी मान्य करा.

टांकसाळ
१८९६ मध्ये एकट्याने केलं असतं तर हो, बहुधा गेलाच असता. कर्जदाराला तेच हवं होतं. भाव वर आणि कर्जाचा आकडा तोच. म्हणून "फसवणूक" हा शब्द घेण्याआधी विचारा, कुणाची? धनकोला ठरल्यापेक्षा कमी मिळालं असतं हे खरं. पण १८८८ ला ९३ सेंटच्या गव्हावर करार करून १८९३ ला ५४ सेंटच्या गव्हात वसूल करणाऱ्याला ठरल्यापेक्षा जास्त मिळत होतं, हेही तितकंच खरं. निबंधात दोन्ही बाजू याच एका वाक्यात येतात.

अनामिक_७
इतकी चर्चा झाली आणि काळ्या शेतकऱ्यांचं कुणी नावही घेतलं नाही. नॉर्थ कॅरोलिनात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन यांनी युती करून १८९४ ला विधिमंडळ जिंकलं, १८९६ ला रसेल गव्हर्नर झाला. त्या युतीत काळ्या मतदारांचा मोठा वाटा होता. १८९८ ला वर्णवर्चस्वाच्या नावाने प्रचार झाला आणि १० नोव्हेंबरला विल्मिंग्टनमध्ये हत्यारबंद जमावाने काळे संपादक मॅन्ली यांच्या डेली रेकॉर्ड या वृत्तपत्राचं कार्यालय जाळलं, माणसं मारली, निवडून आलेलं नगरशासन हाकललं. १९०० ला साक्षरतेच्या अटीने मतदानच काढून घेतलं. शेतकरी चळवळ म्हणजे फक्त नेब्रास्का नव्हे.

ऋतुजा_वाचते
खरं आहे, पण माझा विषय निवडणुकीचा आहे. शेवटचं विचारते. शेतकरी इतका नाराज होता तर ब्रायन हरला कसा? इलेक्टोरल मतं १७६ विरुद्ध २७१.

लेखणी_झिजली
कारण "शेतकरी" असा एक गठ्ठा नव्हता. कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा ब्रायनकडे गेले. नॉर्थ डकोटा गव्हाचं राज्य असून मैकिन्लीकडे. आयोवा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिनेसोटाही मैकिन्लीकडे. तिथे मका-डुकरं आणि दूधदुभतं, शहरं जवळ, एका पिकावर मदार नाही. कारखान्यातल्या मजुराला भाव चढले तर त्याच पगारात खायला कमी मिळणार ही भीती. रॉकीजमधल्या खाणींच्या राज्यांचं ब्रायनप्रेम वेगळं, त्यांना चांदी विकायची होती.

आणि त्याच शरद ऋतूत गहू चढला. १८९५ ला ५१ सेंट, १८९६ च्या डिसेंबरात ७२-७३. हिंदुस्थानात पाऊस गेला, गव्हाचं पीक बुडालं, पुढे तोच ९६-९७ चा दुष्काळ. मतदानाआधीच भाव वर सरकल्यामुळे "सोन्यामुळे गहू पडतो" या युक्तिवादाची धार गेली.

ऋतुजा_वाचते
बस, आता लिहिते. दोन जोड्या, व्याज वेगळं, कॅन्सस-नेब्रास्कापुरतं मर्यादित, दक्षिणेला एक परिच्छेद, टांकसाळीचा भागाकार, मुंबईची टांकसाळ, शेवटी राज्यांची फोड. भाव शेतावरचे आहेत हे तळाशी टाकते.

जुना_हिशोब
तळाशी "१ डिसेंबरचे भाव" असंही लिहा. कर्जाची मुदत मार्चमध्ये संपत असेल तर शेतकऱ्याला आदल्या सुगीचाच भाव मिळालेला असतो. म्हणून मार्च १८९३ ला संपणाऱ्या कर्जाला १८९२ चे ६२ सेंट लावा, ५४ नाही. आकडा १६१३ होईल.

ऋतुजा_वाचते
मग माझी जोडी नोव्हेंबर-डिसेंबरात संपणारी आहे असं लिहू?

जुना_हिशोब
हो, आणि घेतल्याचा महिनाही तोच ठेवा. डिसेंबर १८८८ ते डिसेंबर १८९३.