रूट क्लिअरन्स मिळाला तरी टेक-ऑफचा वेगळा का लागतो? रीडबॅकमध्ये नेमकं काय परत म्हणायचं?

शिकाऊ_पंख (प्रश्न)

वैमानिकांच्या रेडिओटेलिफोनीच्या (कंट्रोलरशी रेडिओवर बोलण्याच्या) परीक्षेचा अभ्यास चालू आहे. ठरलेली वाक्यं पाठ झाली आहेत, पण त्यांच्यामागची कारणं पुस्तकात सापडत नाहीत. तीन गोष्टी अडतात:

१. पार्किंगवर असतानाच गंतव्यापर्यंतचा रूट क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) मिळतो. मग धावपट्टीवर जायला, उभं राहायला आणि उड्डाण करायला पुन्हा वेगवेगळी परवानगी कशासाठी?
२. रीडबॅकमध्ये, म्हणजे कंट्रोलरचं बोलणं परत म्हणताना, काय जसंच्या तसं म्हणायचं आणि कुठे नुसतं ‘रॉजर’ (ऐकलं) चालतं?
३. ‘क्लिअर्ड फॉर अप्रोच’ (धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या टप्प्याची परवानगी) ऐकल्यावर लगेच खाली उतरायला मोकळीक असते का?

---

होल्डिंग_पॉइंट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं.

क्लिअरन्स म्हणजे ‘इथून तिथपर्यंत, अमुक मार्गाने, अमुक उंचीवर बाकीच्या विमानांचा विचार करून तुमच्यासाठी जागा ठेवली आहे’ एवढंच. तो फक्त त्यात सांगितलेल्या गोष्टींपुरता असतो. रूट क्लिअरन्समध्ये साधारण पाच गोष्टी येतात: क्लिअरन्स लिमिट (बहुतेक वेळा गंतव्य विमानतळ), मार्ग (म्हणजे कोणतं सिड, विमानतळावरून बाहेर पडण्याचा छापील मार्ग, आणि पुढे फ्लाइट प्लॅनप्रमाणे), सुरुवातीची उंची, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखण्याचा चार आकडी कोड) आणि गरज असेल तर डिपार्चर कंट्रोलरची फ्रीक्वेन्सी. स्क्वॉकचे चारही आकडे ० ते ७ मधलेच असतात, म्हणून एकूण कोड ४०९६. लिहून घेताना ८ किंवा ९ आला तर तिथल्या तिथे समजा की ऐकण्यात चूक झाली.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो सुरुवातीच्या उंचीत. फ्लाइट प्लॅनमध्ये लेव्हल ३५० (साधारण ३५,००० फूट) असते, क्लिअरन्समध्ये ६००० फूट. ऑटोपायलटच्या आल्टिट्यूडच्या खिडकीत ६०००च लावायचे, आणि दोन्ही पायलटांनी ते बोट ठेवून बघायचं. त्याच्या वर कदाचित येणाऱ्या विमानांचा रस्ता असतो. ६००० हा आकडा त्यासाठीच दिलेला असतो. सिडमध्ये मधल्या बिंदूंवर उंचीची बंधनं छापलेली असतील तर ‘क्लाइम्ब व्हाया सिड’ म्हटल्यावर तीही पाळायची. ती रद्द झाली असं कंट्रोलरने स्पष्ट सांगितल्याशिवाय धरून चालायचं नाही.

आता धावपट्टी. रूट क्लिअरन्स देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचा संपूर्ण मार्ग असतो, पण या क्षणी धावपट्टीवर कोण आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही. धावपट्टी टॉवरच्या (विमानतळाच्या मनोऱ्यातल्या कंट्रोलरच्या) ताब्यात. म्हणून ती ओलांडणं, तिच्यावर शिरणं, उभं राहणं, उडणं आणि उतरणं या प्रत्येकाला टॉवरचा स्वतंत्र शब्द लागतो.

हे दोन क्लिअरन्स एकमेकांत मिसळले की काय होतं हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफला दिसलं. केएलएमचं ७४७ धुक्यात धावपट्टीच्या टोकाला वळून उभं होतं, आणि त्याच वेळी त्याला रूट क्लिअरन्स वाचून दाखवला गेला. टेक-ऑफची परवानगी त्यात नव्हती, पण ‘टेक-ऑफ’ हा शब्द मात्र होता. को-पायलटने तो परत म्हणताना शेवटी ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’ असं जोडलं. टॉवरला वाटलं, विमान जागेवर तयार आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. टॉवरने ‘ओके’ म्हटलं आणि पुढे ‘टेक-ऑफसाठी थांबा’ सांगितलं, पण त्याच क्षणी त्याच धावपट्टीवर असलेल्या पॅन अ‍ॅमच्या ७४७ चं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे बोलणं त्यावर आलं आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

आजचे काही नियम थेट तिथून आले आहेत:

- ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ म्हणताना किंवा तो रद्द करताना वापरायचा. एरवी नेहमी ‘डिपार्चर’: ‘रेडी फॉर डिपार्चर’.
- रूट क्लिअरन्स शक्यतो इंजिनं सुरू करण्याआधीच द्यायचा, धावपट्टीवर उभं असताना नाही.
- नुसतं ‘ओके’ हे उत्तर नव्हे.

‘लाइन अप अँड वेट’ म्हणजे धावपट्टीवर या, तिच्या मध्यरेषेवर उभे राहा आणि थांबा. परत म्हणताना ‘लाइनिंग अप अँड वेटिंग’ असं धावपट्टीच्या क्रमांकासकट म्हणायचं. कुठलाही क्लिअरन्स मिळालेला असो, समोर लाल स्टॉप बार (धावपट्टीच्या तोंडाशी असलेली दिव्यांची ओळ) पेटलेला असेल तर तो ओलांडायचा नाही. आधी विचारायचं.

---

हेडिंग_२७०

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे (आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचं डॉक ४४४४) हे सगळं परत म्हणावंच लागतं: रूट क्लिअरन्स; कुठल्याही धावपट्टीवर शिरणं, उतरणं, उडणं, तिच्याअलीकडे थांबणं, ती ओलांडणं, तिच्यावरून टॅक्सी किंवा बॅकट्रॅक (धावपट्टीवरून उलट दिशेने जाणं); वापरातली धावपट्टी; क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब); स्क्वॉक; उंची, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), वेग; ट्रान्झिशन लेव्हल (जिथे उंचीमापकाचा दाब प्रमाण दाबावरून क्यूएनएचवर बदलायचा ती लेव्हल). वारा आणि इतर विमानांची माहिती परत म्हणायची गरज नाही, तिथे नुसतं ‘रॉजर’ चालतं. त्यावर बोलत बसलात तर फ्रीक्वेन्सी उगाच अडते.

शेवटी कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) पूर्ण म्हणा. रीडबॅकचं अर्धं काम आकडे तपासणं, उरलेलं अर्धं ‘हे आम्हालाच सांगितलं होतं ना’ हे तपासणं. ३४५ आणि ३५४ एकाच फ्रीक्वेन्सीवर असले की चुकीचं विमान उत्तर देतं आणि खरं विमान गप्प बसतं.

रीडबॅक तीन ठिकाणी फसतो.

एक, कंट्रोलर ऐकत नाही. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ मालवाहू ७४७ ला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ सांगितलं, म्हणजे २४०० फूट. क्रूला पहिला ‘टू’ हा आकडा न वाटता ‘पर्यंत’ अशा अर्थाचा शब्द वाटला. त्यांनी ‘ओके, फोर झीरो झीरो’ म्हटलं, कुणी दुरुस्त केलं नाही, विमान टेकडीवर आदळलं. म्हणून उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ अशी, हजार-शेकडा उच्चारून म्हणायची.

दोन, दोघं एकाच वेळी बोलतात. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचा आहे आणि ते फायद्याचंच आहे. दोन लहरी एकमेकींवर आल्या की शिट्टी ऐकू येते, म्हणजे काहीतरी बुडालं हे निदान कळतं. एफएममध्ये जोरकस आवाजाने दुसरा पार गिळला असता. शिट्टी ऐकलीत की ‘ब्लॉक्ड’ म्हणा, तुमचं बोलणं अडलं नसलं तरी.

तीन, मुळात दिलेला आकडाच चुकीचा असतो आणि तुम्ही तो अगदी बरोबर परत म्हणता. २३ मे २०२२ रोजी पॅरिस शार्ल द गोलला एका ए३२० ला १००१ ऐवजी १०११ क्यूएनएच दिला गेला. रीडबॅक १०११चा, म्हणजे निर्दोष! एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट, तेव्हा विमान दाखवत होतं त्याहून जवळपास २८० फूट खाली होतं. अप्रोच उपग्रहाच्या आधाराचा, पण उतरण्याचा कोन बॅरोमेट्रिक (हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीवर आधारलेला), त्यामुळे उतरण्याची सगळी वाट तेवढी खाली सरकली. धावपट्टी येण्याआधीच रेडिओ आल्टिमीटरवर (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रावर) सर्वात कमी नोंद ६ फूट. आयएलएसच्या (धावपट्टीजवळच्या रेडिओ किरणांवर उतरवणाऱ्या यंत्रणेच्या) ग्लाइड स्लोपवर, म्हणजे उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या किरणावर, असं होत नाही, कारण तो किरण जमिनीवरून येतो. उपाय एकच: कंट्रोलरचा क्यूएनएच एटिसशी (विमानतळाच्या हवामानाच्या ध्वनिमुद्रित प्रसारणाशी) ताडून बघा. एक-दोनपेक्षा जास्त फरक दिसला तर विचारा.

---

मिनिमम_सेफ

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर ‘नाही’.

‘क्लिअर्ड फॉर अप्रोच’ म्हणजे छापलेली पद्धत, तिच्या उंचीच्या बंधनांसकट, उडवा. नकाशावरचा सगळ्यात खालचा आकडा उचलून तिथे जा असा त्याचा अर्थ नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए ५१४ ला वॉशिंग्टन डलेसचा अप्रोच क्लिअर झाला तेव्हा ते विमानतळापासून ४४ मैलांवर होतं. उंचीचं बंधन कंट्रोलरने घातलं नाही. क्रूने १८०० फुटांपर्यंत उतरायला सुरुवात केली, पण तो आकडा राउंड हिल या बिंदूच्या पुढचा होता. त्याच्या आधी किमान ३४०० फूट लागत होते. कॉकपिटमध्ये शंका निघाली होती, पण ‘क्लिअर केलंय म्हणजे उतरता येत असणार’ असं धरलं गेलं. विमान माउंट वेदरवर आदळलं, ९२ मृत्यू. कंट्रोलर आणि पायलट दोघांनाही वाटत होतं की डोंगराची काळजी समोरचा घेतोय.

म्हणून प्रत्येक क्लिअरन्सच्या वेळी स्वतःला विचारा: आत्ता जमिनीपासूनचं अंतर कोण सांभाळतंय? रडार व्हेक्टरवर असाल, म्हणजे कंट्रोलर हेडिंग देत असेल, तर तो. ‘रिझ्यूम ओन नॅव्हिगेशन’ म्हटलं की जबाबदारी तुमच्याकडे आली. अप्रोच क्लिअर झाला पण अजून छापलेल्या मार्गावर स्थिर नाही, अशा वेळी शेवटची दिलेली उंची सोडायची नाही. आयएलएसमध्ये आधी लोकलायझर (धावपट्टीची सरळ रेषा दाखवणारा किरण) पकडायचा, मग ग्लाइड स्लोप. व्हेक्टरने लोकलायझर कापण्याचा कोन साधारण ३० अंश ठेवतात; उशिरा वळवलं तर विमान पलीकडे जातं, आणि समांतर धावपट्ट्या असतील तर पलीकडे दुसरं विमान असतं.

व्हिज्युअल अप्रोच हे आणखी वेगळं. त्यात डोंगर तुम्हीच बघायचा, आणि पुढचं विमान दिसतंय म्हणून सांगितलंत व त्याच्यामागे जायला होकार दिलात की त्याच्या वेक टर्ब्युलन्सपासूनचं (मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांपासूनचं) अंतरही तुम्हीच राखायचं. एरवी हेवीमागे (वजनाने जड वर्गातल्या विमानामागे) मध्यम विमान असेल तर कंट्रोलर ५ नॉटिकल मैल ठेवतो, हलकं असेल तर ६. ‘दिसतंय’ म्हणताना हे डोक्यात असू द्या.

---

शिकाऊ_पंख

फार उपयोगी पडलं. एक उपप्रश्न: टीकॅस (विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र) वर चढ म्हणतंय आणि कंट्रोलर खाली उतर म्हणतोय, तर? आणि क्लिअरन्स पाळणं जमतच नसेल तर नकार देता येतो का?

---

होल्डिंग_पॉइंट

टीकॅस. यात वाद नाही. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगनवर नेमकं हेच झालं. टीयू-१५४ ला टीकॅसने चढायला सांगितलं, कंट्रोलरने उतरायला. समोरचं ७५७ आपल्या टीकॅसप्रमाणे उतरत होतं. टीयू-१५४ ने कंट्रोलरचं ऐकलं, दोन्ही विमानं एकत्र उतरली, ७१ मृत्यू. दोन्ही टीकॅस आपसात बोलून उलट दिशा ठरवतात. एकाने ती मोडली की दुसऱ्याचाही उपाय बाद होतो. कंट्रोलरच्या पडद्यावरचं चित्र काही सेकंद जुनं असतं आणि दोन विमानांनी आपसात काय ठरवलं हे त्याला सहसा दिसत नाही.

आरए (टीकॅसची चढा किंवा उतरा अशी सूचना) आला की ऑटोपायलट काढून पाच सेकंदांच्या आत प्रतिसाद द्या (काही नव्या विमानांत ऑटोपायलटच आरए उडवतो, तिथे काढायची गरज नाही). मग ‘टीकॅस आरए’ एवढंच बोला. विरुद्ध सूचना आली तर ‘अनेबल, टीकॅस आरए’. कंट्रोलर त्यावर ‘रॉजर’ म्हणेल आणि तुम्ही ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ सांगेपर्यंत तुमचा मार्ग बदलायला जाणार नाही. आरएच्या वर फक्त स्टॉल (पंखांची उचल जाणं), विंडशिअर (वाऱ्याचा अचानक बदल) आणि जमिनीचा इशारा.

बरेच आरए टाळता येतात. दिलेल्या उंचीच्या शेवटच्या १००० फुटांत चढण्या-उतरण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांखाली आणा. वरखाली १००० फुटांवर दुसरं विमान असेल तर तुमचा वेग बघून टीकॅसला वाटतं की तुम्ही थांबणारच नाही.

नकाराबद्दल: ‘अनेबल’ (जमणार नाही) हा ठरलेला, अधिकृत शब्द आहे. जमेल तेवढं थोडक्यात कारण जोडा: ‘अनेबल, ड्यू वेदर’. न जमणारी गोष्ट ‘विल्को’ (समजलं, तसं करतो) म्हणून नंतर न पाळणं हे कंट्रोलरसाठी सगळ्यात वाईट, कारण त्याने पुढचं विमान तुमच्या भरवशावर सोडलेलं असतं.

---

हेडिंग_२७०

परीक्षेत हमखास येणारी एक गोष्ट राहिली: रेडिओच बंद पडला तर? स्क्वॉक ७६००. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर तसंच दिसत राहील असं उडत जवळच्या योग्य विमानतळावर उतरा. ढगात असाल तर शेवटचा दिलेला वेग आणि लेव्हल (किमान सुरक्षित उंची जास्त असेल तर ती) ठरावीक काळ धरून ठेवायची, मग फ्लाइट प्लॅनप्रमाणे जायचं. हा काळ सर्व्हेलन्स (रडार वगैरेची नजर) असलेल्या हवाई क्षेत्रात ७ मिनिटं, नसलेल्यात २० मिनिटं. देशोदेशी यात फरक असतात, त्या देशाचं एआयपी (विमान वाहतुकीचं अधिकृत माहितीपुस्तक) बघा. टॉवरचा स्थिर हिरवा दिवा हवेतल्या विमानाला उतरायची परवानगी देतो, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि चक्कर मारत राहा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. जमिनीवर असताना याच रंगांचे अर्थ वेगळे आहेत. पाठ करताना दोन तक्ते वेगळे ठेवा.