रेड वाइन चांगली की सुमार, चाखून कसं ओळखायचं?

कोथरूडकर:
७०० रुपयांची नाशिकची शिराझ आणि २,००० ची 'रिझर्व्ह' शेजारी ठेवून चाखली, तर फरक नेमका कशात शोधायचा? ग्लास फिरवल्यावर काचेवरून जाड ओघळ उतरले की वाइन भारी, असं ऐकलंय. खरं का? आणि बाटली बिघडलेली आहे की आपल्यालाच चव रुचली नाही, हे कसं ठरवायचं?

चाखणवाला:
ओघळांचं सोडा. ते अल्कोहोल आणि साखरेमुळे येतात, १४.५ टक्क्यांची सुमार वाइनही झकास ओघळ दाखवते.

आधी तापमान बघा. ३० अंशांच्या खोलीत उघडली तर अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास दबतो. फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. फार गार झाली तर तुरटपणा उगाच बोचतो. ग्लास एकतृतीयांशच भरा, वास घ्यायला जागा हवी.

घोट तोंडात घोळवा. आंबटपणाने लाळ सुटते, टॅनिनने (साल-बियांतल्या तुरट द्रव्याने) हिरड्या आवळतात, अल्कोहोलची ऊब घशात कळते. यातलं कुणीच फळाच्या चवीवर कुरघोडी करत नसेल तर तोल साधलाय. टॅनिन किती आहे यापेक्षा कसं आहे ते महत्त्वाचं. पिकलेलं असेल तर मऊ लागतं, कच्चं असेल तर कच्च्या केळ्याच्या सालीसारखं चरचरतं.

मग गिळा आणि सेकंद मोजा. पाचाच्या आत चव गायब झाली तर वाइन साधी, दहाच्या पुढे टिकली तर चांगली. मात्र मोजायची ती फळाची चव. नुसती जळजळ किंवा कडवटपणा रेंगाळत असेल तर ते गुण धरू नका.

खरड_छाटणी:
नाशिकच्या रेडमध्ये आंबटपणाकडे आधी बघा. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. शेवटी ऊन तापलं की साखर भराभर चढते, आम्ल उतरतं, आणि साल-बियांची पक्वता मागेच राहते. म्हणून १४ टक्के अल्कोहोल आणि तरी टॅनिन हिरवं, असा विचित्र मेळ सापडतो. आम्लाची भरपाई टार्टारिक आम्ल घालून करतात. प्रमाण चुकलं की आंबटपणा शेवटी वेगळाच टोचतो.

कॅबर्ने या द्राक्षाच्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा हलका वास दोष नाही, जातीचाच आहे. फक्त तोच येत असेल तर द्राक्ष कच्चं तोडलंय.

'रिझर्व्ह'बद्दल: स्पेनच्या रिओहात 'रेझेर्वा' रेड किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. सगळीकडे या शब्दामागे असा नियम नसतो. जड बाटली, खोल बूड यांनाही भुलू नका.

बूचबहाद्दर:
बिघाड बहुतेक वेळा नाकालाच कळतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि फळ गायब: बूच बाधलंय. हवा देऊन सुधारत नाही, बाटली परत करा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर: जिवाणूंची करामत. नव्या सालाची असूनही तपकिरी कड आणि शिळ्या सफरचंदाचा वास: आत हवा शिरलीय. मुरंब्यासारखी शिजलेली चव, त्यात बूच वर सरकलेलं: उन्हात तापलीय, आपल्याकडे वाहतुकीत आणि एसी नसलेल्या दुकानात हे सहज होतं. सडक्या अंड्याचा वास मात्र लगेच नापास करू नका. जगमध्ये ओतून २० मिनिटं ठेवा, बऱ्याचदा उडून जातो.

कोथरूडकर:
तळाशी गाळ आणि बुचाला खडे दिसले तर?

बूचबहाद्दर:
खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. गाळ जुन्या रेडमध्ये असायचाच. बाटली काही तास उभी ठेवून हळू ओता.

चाखणवाला:
तुमच्या दोन बाटल्यांसाठी: तीन सारखे ग्लास घ्या, दोनात एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी, ५० मिली प्रत्येकी. ओतणारा वेगळा हवा, लेबल झाकलेलं. वेगळा ग्लास चार-पाच फेऱ्यांत बहुतेक वेळा ओळखता आला नाही, तर वरचे १,३०० वाचवा.