नाव एक, घराणी वेगळी
बऱ्याच जणांना वाटतं की एकाच आयसीयूत दोघांना क्लेबसिएला (न्यूमोनियासारखे आजार करणारा जंतू) निघाला म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागला, पण नुसत्या कल्चर रिपोर्टवरून (नमुन्यात कुठला जंतू वाढला ते सांगणारा रिपोर्ट) ते नक्की नाही कळत हो, नाव एक असलं तरी जंतूंची घराणी वेगळी असू शकतात. उलटही होतं, २०११ला अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) हॉस्पिटलात हा जंतू असलेली पहिली पेशंट डिस्चार्ज होऊन तीन आठवडे झाले नि मग दुसरा पेशंट सापडला, सगळ्यांना वाटलं ह्याचा जंतू वेगळाच असणार, पण जंतूंचा जीनोम (सगळा डीएनए) वाचला तर साठेक लाख अक्षरांत फरक अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, म्हणजे तिच्याकडूनच पसरलेला! एकूण १८ जणांना लागण, त्यातले ६ या जंतूनेच गेले, फार वाईट वाटतं वाचून. आणि हॉस्पिटलात हा जंतू सापडला कुठे, तर सिंकच्या ड्रेनमध्ये आणि साफ करून ठेवलेल्या व्हेंटिलेटरवर.