वस्तीत मुलांचा वर्ग सुरू करायचाय, पण ब्लँकेट वाटून नाही. सल्ला हवाय

तरुणसंघवाला
सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने ठरवलंय की मानखुर्दच्या एका वस्तीत दर शनिवारी मुलांचा वर्ग घ्यायचा. मागच्या नाताळात तिथे ब्लँकेटं वाटायला गेलेलो, टेम्पो, बॅनर सगळं, दहा मिनिटांत ढकलाढकली झाली, एका आजीच्या हातातलं दुसरीने ओढून घेतलं आणि आम्ही फोटो काढून घरी. तेव्हापासून खरंच लाज वाटतेय. आता कमिटी म्हणते परत वाटप ठेवा म्हणजे लोक जमतील. मला पटत नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा सुरुवात कुठून करायची? आणि कोणी धर्मांतर धर्मांतर करत आलं तर काय?

पेटीमास्तर
एकदा वाटप केलंत की तुम्ही कायमचे वाटपवाले. मी चौदा वर्षं जातोय, पहिले तीन महिने नुसता एका मावशीच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायचो. पाण्याची वेळ आधी विचारून घ्या, नळ आला की वर्गातली अर्धी पोरं हंडे घेऊन पळणार, त्यावर चिडून उपयोग नाही.
दुसरं, गिटार घरी ठेवा. पेटी, झांज आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं एवढं पुरतं, अभंगाची चाल कानावर पडली की बायका भाजी निवडता निवडता दारात येऊन बसतात. (आमच्या तरुणांना हे जुनाट वाटतं, वाटू दे.)
आमची अर्धी माणसं रेल्वेलाइनच्या झोपड्या तुटल्यावर मानखुर्दलाच लल्लूभाई कंपाउंडच्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये गेली. २२५ चौरस फुटांचं घर, दार बंद. गल्लीत प्रार्थनेला तीस जण सहज जमायचे, आता पाचव्या मजल्यावर आठ जण बसले तरी शेजारचा भिंत ठोकतो. त्यामुळे वस्ती आणि बिल्डिंग हे एकच काम समजू नका.

गल्लीनंबर४
मी अशाच वस्तीत वाढले म्हणून लिहितेय. माझ्या आईला टीबी झालेला. प्रार्थनेला येणाऱ्या एका पास्टरांनी सांगितलं विश्वास ठेव, गोळ्या सोड. तिने दीड महिन्यात सोडल्या, बरं वाटत होतं ना. टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने घ्यायच्या असतात, मध्येच सोडल्या की आजार औषधाला जुमानेनासा होऊ शकतो, तसंच झालं, मग दीड वर्ष ट्रीटमेंट. तिला परत उभं केलं ते एका सिस्टरने. ती दवाखान्यात आईच्या बाजूला नंबर लावून बसायची. भाषण नाही, काही नाही, पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटाचा पुडा असायचा तेवढा.
मदर तेरेसांनी १९४८ मध्ये कोलकात्याच्या मोतीझील वस्तीत शाळा काढली तेव्हा फळासुद्धा नव्हता, काठीने मातीत अक्षरं काढायच्या. पण त्याच्या आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचं शिकून आलेल्या, हे कोणी सांगत नाही.
तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर टीबीच्या पेशंटला निक्षय पोषणचे (सरकार खाण्यापिण्यासाठी देतं ते) पैसे मिळवून द्या. आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. आधार आणि बँक खातं जुळत नाही म्हणून कितीतरी जणांचे अडकतात.

जयभीम_चाळकरी
मी ख्रिस्ती नाही, राग मानू नका. आमच्या चाळीत एक ग्रुप फुकट ट्युशन म्हणून आला, पहिले दोन आठवडे गणित, तिसऱ्या आठवड्यात पोरगी घरी येऊन येशूची गोष्ट सांगायला लागली. गोष्ट वाईट नव्हती, पण आम्हाला विचारलं नव्हतं. आईबापाला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा काय शिकवणार. मग ज्याला पाठवायचं तो पाठवेल. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.
आणि बाप्तिस्म्याची घाई करणाऱ्यांनो, जातीच्या दाखल्याचं पण सांगत जा. १९५० च्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की एससीच्या यादीतून बाहेर. शिखांना १९५६ मध्ये आत घेतलं, आम्हा बौद्धांना १९९०, तुमचे अजून बाहेरच. पोराची स्कॉलरशिप गेल्यावर कळून काय फायदा.

पेटीमास्तर
दादा, बरोबर बोललात. आमच्याकडे दर रविवारी येणाऱ्या दोघी बहिणी याच कारणाने अजून बाप्तिस्मा घेत नाहीत. प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेलेच घेतात, त्या वेळी त्या मागे सरकून बसतात. मी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत, पण दर वेळी त्या सरकल्या की माझी पेटी चुकते.

तरुणसंघवाला
थँक्यू सगळ्यांना. वाटप कॅन्सल, कमिटीशी भांडण होणारच आहे. या शनिवारी मी आणि अजून एक जण दोघेच जातोय, बॅनर नाही. त्या ब्लँकेटवाल्या आजींचं घर शोधायचंय आधी. मास्तर, तुमच्याकडे जुनी पेटी असेल तर सांगा, आणि वाजवायला शिकवणार का?